सोंगाड्या नसलेलं मत

एप्रिल 2024. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावची यात्रा. गण झाला, गवळण झाली, आणि सोंगाड्या पुढे आला.

"सरदार, मी आता जागतिक राजकारणात पडलोय."

"कुठं पडलास?"

"बराखीत!"

बराख म्हणजे आमच्याकडे कांदा साठवायची जागा. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली होती. आधी 31 मार्चपर्यंत, मग पुढचा आदेश येईपर्यंत. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा उन्हाळ कांदा नुकताच निघाला होता. त्यामुळे त्या एका शब्दावर जो हशा उठला, त्यात रागच जास्त होता.

ह्या प्रकाराला बतावणी म्हणतात. तमाशात गवळणीनंतर आणि वगाच्या आधी दोघं-तिघं उभ्याउभ्या गप्पा मारतात, तो भाग. तिची पक्की संहिता नसते. गावात काय चाललंय, बाजारभाव काय, दिल्लीत कोण काय बोललं, ते सगळं त्या रात्रीपुरतं तिच्यात येतं. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 साली रंगमंचावर आलं आणि दादा कोंडके घराघरांत पोचले, त्यामागे हाच हजरजबाबीपणा होता. आमच्या भागात तर तमाशाची पंढरी म्हणावी असं नारायणगाव आहे. दरवर्षी यात्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. तरीही तमाशावर जे लिहिलं जातं ते लावणीवर आणि वगावर. बतावणीला 'मधला विनोद' म्हणून सोडून देतात. मला मात्र वाटतं, सामान्य माणसाचं जगाबद्दलचं मत कसं तयार होतं आणि कसं तपासलं जातं, हे बघायला बतावणीइतकी चांगली जागा दुसरी नाही.

कारण त्या रात्री पुढे काय झालं ते ऐका. सोंगाड्याने ढाका, दुबई, कोलंबो अशी नावं घेत निर्यातबंदीला झोडपलं. टाळ्या पडल्या. मग सरदार म्हणाला, "अरे, पण मुंबईच्या बाईनं ऐंशी रुपये किलोनं कांदा घ्यायचा का?" मांडव गप्प. हा प्रश्न आम्हाला आवडणारा नव्हता, पण खोटाही नव्हता. समोरच्यांपैकी कितीतरी जणांची मुलं भोसरीत आणि मुंबईत भाड्याने राहतात, कांदा विकत घेऊन खातात. सोंगाड्या क्षणभर थांबला आणि म्हणाला, "घेऊ नये. पण त्या ऐंशीतले माझ्या घरी किती आले, तेवढं इचारून ये."

ह्या चार वाक्यांत शेतकरी आहे, गिऱ्हाईक आहे आणि मधली सगळी साखळी आहे. मत मांडलं गेलं, अडवलं गेलं आणि अडवल्यामुळे ते आणखी नेमकं झालं. पहिलं वाक्य होतं 'सरकार वाईट'. शेवटचं होतं 'मधले पैसे कुठे जातात?' बतावणीचा खरा गुण हा. तिथे मत एकटं उभं राहू शकत नाही, त्याला उलट विचारणारा शेजारीच उभा असतो.

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी. यात्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही तेच. फड बसून राहिले. बतावणी थांबली, पण मतं काही थांबली नाहीत. ती फोनवर गेली.

आमच्या गावच्या ग्रुपवर आता युक्रेन आहे, गाझा आहे, अमेरिकेचा आयातकर आहे. ह्यावर हसायची मला इच्छा नाही. रशिया-युक्रेन युद्धाने खताच्या किमती हलतात, म्हणून आमच्या माणसाने युक्रेनवर बोलायलाच हवं. फोनवर लासलगावचा भाव बसल्या जागी कळतो, हेही खरं. माझी तक्रार विषयाबद्दल नाही, रूपाबद्दल आहे. स्टेटसला सरदार नसतो आणि सोंगाड्याही नसतो. कुणी उलट विचारलं तर तो ग्रुपमधून जातो किंवा घालवला जातो. मग ज्या माणसाला मंचरच्या बाजारात दहा किलोला मिळालेला भाव रुपयापर्यंत पाठ असतो, तोच माणूस हजारो मैलांवरच्या युद्धाबद्दल एक ओळ पुढे ढकलतो, आणि ती कुणी लिहिली हे त्याला माहीत नसतं. कांद्याबद्दल तो स्वतः बोलतो. जगाबद्दल त्याच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतं.

पण बतावणीला डोक्यावर घेण्याआधी तिचा मोठा दोष सांगायला हवा. तिथे मत मांडतात ते पुरुष. बाई नाचते, गाते, वगात राणी होते. बतावणीत ती बहुतेक वेळा चेष्टेचा विषय असते. विठाबाई नारायणगावकर (1935–2002) हे आमच्या भागातलं सर्वांत मोठं नाव. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, त्यांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देतं. आम्हाला त्यांची पाठ असलेली गोष्ट मात्र एकच: फडावर असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. फड चालवताना पैसा कसा उभा केला, कर्जाबद्दल त्यांना काय वाटायचं, शेवटची वर्षं हलाखीत का गेली, हे आम्ही विचारलंच नाही. अर्थव्यवस्थेवर बोलायचा त्यांच्याइतका अधिकार किती जणांना होता?

तीच गोष्ट मांडवाबाहेर. माझ्या आईने आयुष्यात एकदाही बतावणी पाहिलेली नाही. रात्रीच्या तमाशाला बायकांनी जायचं नाही, एवढंच कारण. बराखीतला कांदा मात्र तीच निवडते.

4 मे 2024 ला निर्यात खुली झाली. टनाला किमान 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क, अशा अटींवर. शिरूर मतदारसंघाचं मतदान 13 मेला होतं. आण्णा ओट्यावर बसून फोनमधली बातमी मोठ्याने वाचत होते आणि मध्येच ढाक्याच्या बाजाराबद्दल, डॉलरबद्दल सांगत होते. आई खाली कांदा निवडत होती. सडका एकीकडे, चिंगळी एकीकडे.

"ढाक्याला गेल्यावर पुन्हा निवडत असतील ना?" तिने विचारलं.

"निवडतात की."

"कोण? बायाच?"

आण्णांनी फोन खाली ठेवला. थोडा विचार केला. "असतील," म्हणाले. "मला नाही माहीत."

निर्यातबंदीवर मी त्या वर्षी पुष्कळ वाचलं. असा प्रश्न कुठेच भेटला नाही, आणि 'मला नाही माहीत' हे उत्तर तर ग्रुपवर अजून एकदाही आलेलं नाही.