पडद्याचे कोंदण

लॅपटॉपच्या पडद्याभोवती जी काळी किंवा रुपेरी पट्टी असते तिला त्या व्यवसायात ‘बेझल’ म्हणतात. शब्द मुळात जवाहिऱ्यांचा आणि घड्याळजींचा. अंगठीतला खडा ज्या धातूच्या कड्यात बसवतात, मनगटी घड्याळाची काच ज्या कड्यात अडकवतात, ते बेझल. म्हणजेच आपले कोंदण. हिऱ्यांच्या या शहरात कोंदणाचे महत्त्व कोणाला सांगावे लागू नये. कोंदण खड्याचा थोडा भाग झाकते हे खरे, परंतु जो भाग झाकते तोच नेमका ठोकर लागून उडण्याजोगा असतो. नुसत्या नख्यांनी पकडलेला खडा अधिक दिसतो, अधिक चमकतो, आणि कपड्यात अधिक अडकतोही.

गेली दहा-पंधरा वर्षे लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्यांची चढाओढ हे कोंदण नाहीसे करण्याची आहे. साहित्य मंडळाच्या पत्रिकेत हा विषय कशाला, अशी शंका काही सभासदांच्या मनात येईल. माझे म्हणणे इतकेच की, डिंडोलीतल्या आपल्या घरांतून आता दौत-टाक गेले आणि आपले बहुतेक लेखन-वाचन या चौकटीतून होऊ लागले. पुस्तकाच्या मुखपृष्ठाची, अक्षरजुळणीची समीक्षा आपण करतो. मग या चौकटीची का करू नये?

प्रथम तिचा इतिहास पाहू. जुन्या दूरचित्रवाणी संचाची चौकट जाड असे, कारण काचेच्या नळीच्या कडांशी चित्र वाकडे होई आणि ते झाकणे भाग पडे. लॅपटॉपचा पडदा सपाट आला तरी पट्टी राहिलीच. पडद्यामागचा प्रकाश देणारी बारीक नळीसारखी दिवटी, एकेक ओळ पेटविणारी विद्युत-यंत्रणा, दोन काचा जोडणारा चिकट थर, कॅमेरा, वायफायचे अँटेना या साऱ्यांना जागा हवी होती. १९९२ साली आलेल्या आयबीएमच्या थिंकपॅड ७००सी या यंत्राची रचना रिचर्ड सॅपर यांनी जपानी जेवणाच्या काळ्या डब्यावरून घेतली. त्यात १०.४ इंचांचा रंगीत पडदा होता आणि भोवती भरपूर काळी पट्टी. ती पट्टी कोणाला खुपली नाही. डब्याला जशी कड तशी ती होती.

पुढे नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले, ओळी पेटविणारी यंत्रणा काचेवरच उमटविता येऊ लागली, आणि पट्टीची गरज उतरत गेली. तरीही २००८ सालच्या मॅकबुक एअरने आपली रुंद रुपेरी किनार दहा वर्षे टिकविली. २०१८ मध्ये नवे रूप आले तेव्हा ती गेली. मधल्या काळात, २०१५ च्या जानेवारीत डेलने एक्सपीएस १३ काढला. तिन्ही बाजूंना अवघी ५.२ मिलिमीटर कड. १३.३ इंचांचा पडदा त्यामुळे पूर्वीपेक्षा बऱ्याच लहान देहात मावला. हा लाभ खोटा नव्हे. रोज लोकलच्या गर्दीत पाठीवर यंत्र वाहणाऱ्या माणसाला त्याचे मोल विचारावे.

परंतु कॅमेरा कोठे गेला? तो पडद्याखाली, डाव्या कोपऱ्यात गेला आणि बोलणाऱ्याच्या नाकपुड्या समोरच्यास दिसू लागल्या. २०१८ च्या हुवावे मेटबुक एक्स प्रो मध्ये तर कॅमेरा कळफलकाच्या वरच्या ओळीतील एका बटणात दडविला होता. बटण दाबले की तो डोके वर काढी आणि हनुवटीखालून पाहू लागे. अ‍ॅपलने २०२१ साली कड वरपर्यंत बारीक केली, परंतु कॅमेऱ्यासाठी पडद्याच्या कपाळी एक खाच पाडली. त्या खाचेच्या दोन्ही अंगांना पडद्याची जी उंची वाढली ती ७४ ठिपक्यांची. एवढ्यासाठी चित्राच्या मधोमध तो काळा तुकडा! कोणत्याही विणकराने काठ वाचविण्यासाठी पदरात भोक ठेवले नसते.

एक सामान्य नियम यातून दिसतो. पट्टीवर जी कामे होती ती पट्टीबरोबर संपत नाहीत. ती दुसरीकडे सरकतात. कार्यालयात एखादे पद रद्द झाले म्हणजे त्याचे काम जसे शेजारच्या टेबलावर येऊन पडते, तसेच हे. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत हे मी बरेच पाहिले. म्हणून कड किती बारीक, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कडेने कोणते काम केले आणि ते आता कोण करतो, हे पाहावे. डेलचेही कौतुक या कसोटीवरच करता येते. २०१९ मध्ये त्यांनी सव्वादोन मिलिमीटरचा कॅमेरा घडविला आणि तो पुन्हा वर, आपल्या जागी नेला. कड बारीकच राहिली, काम मात्र तिचे तिला परत मिळाले. लेनोव्होने काही यंत्रांत याहून साधी वाट धरली : कॅमेऱ्याजवळ वरची कड किंचित बाहेर काढली. दिसायला ती थोडी ओठ पुढे काढल्यासारखी दिसते, हे कबूल. पण झाकण उघडताना अंगठ्याला तेथे आधार मिळतो.

या अंगठ्याविषयी मला थोडे सांगितले पाहिजे. माझा पहिला लॅपटॉप, मुलाने दिलेला, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. त्याची चौकट अंगठ्याएवढी रुंद होती. तिच्या वरच्या पट्टीवर मी कागदाची चिठ्ठी डकवली होती. ‘ऱ्या’मधला तो पापणीसारखा र कोणत्या कळांनी येतो ते तिच्यावर लिहिले होते. गुजरातीला या अक्षराची गरज पडत नाही, त्यामुळे येथे कोणाला विचारण्याचीही सोय नव्हती. खालच्या पट्टीवर नातीने गणपतीचे चित्र चिकटविले. दोन वर्षांपूर्वी नवे यंत्र आले, काठोकाठ पडद्याचे. एका सकाळी झाकण कोपऱ्याला धरून उघडले आणि काचेत एक तिरपी रेघ गेली. दुरुस्तीवाल्या मुलाने यंत्र उलटेसुलटे पाहून म्हटले, “काका, खूणेथी नहीं पकडवानुं.” मग कोठून धरावे, असे मी विचारले. तो हसला. पडदा, काच आणि कड एकत्र चिकटविलेली असल्याने सारेच बदलावे लागले आणि यंत्राच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला. आपल्या भाषेत काठोकाठ भरलेला पेला हे समृद्धीचे लक्षण आहे, पण तो उचलण्याची वेळ आली की आपण आधी एक घोट कमी करतो.

माझा राग येथे बोलत नाही ना, असे मी स्वतःस विचारले आहे. म्हणून दुसरी बाजूही मांडतो. पडद्याखालची जाड पट्टी, जिला तरुण मंडळी ‘हनुवटी’ म्हणून हसतात, ती पातळ झाली याचा मराठी वाचकाला प्रत्यक्ष फायदा आहे. मधली बरीच वर्षे लॅपटॉपचे पडदे चित्रपटासाठी रुंद आणि बुटके करण्यात आले, सोळास नऊ या प्रमाणात. देवनागरीचे सारे वैभव उभे असते. शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचे पाय. दोन ओळींत अंतर सोडावेच लागते, नाही तर वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. बुटक्या पडद्यावर मराठी लेखाच्या ओळी म्हणून कमी मावत. २०२० च्या एक्सपीएस १३ ने हनुवटी काढली आणि ती जागा पडद्याच्या उंचीला दिली. १०८० च्या जागी १२०० ओळी, म्हणजे नवव्या हिश्श्याची वाढ. इतरांनीही तोच मार्ग धरला. पट्टी घटली ती वाचनासाठी. यावर माझा आक्षेप नाही.

सौंदर्याच्या दृष्टीने मात्र त्या हनुवटीची एवढी थट्टा योग्य नव्हती. मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखितांचा अभ्यास करून यान चिखोल्ड या मुद्रणकाराने समासाचे जे प्रमाण मांडले ते आत दोन, वर तीन, बाहेर चार आणि खाली सहा असे आहे. खालचा समास वरच्याच्या दुप्पट, कारण मजकूर किंचित वर चढलेला असला की डोळ्याला तो स्थिर वाटतो. तसबिरी मढविणारेही खालची पट्टी थोडी अधिक ठेवतात. आणि काठ म्हणाल, तर आपल्याच घरांतून पाहावे. खानदेशातून ताप्ती लाइनने आलेली आपली कितीतरी कुटुंबे सुरतेच्या जरीवर जगली. येथली जर येवल्याच्या मागावर जाई आणि पैठणीचा नारळी काठ होऊन परत येई. तो काठ शोभेचा खराच, पण जमिनीला घासणारी कड तोच सांभाळतो आणि त्याच्या वजनाने निऱ्या बसतात. पैठणीला काठ चार बोटे हवा की दोन, यावर आमच्या घरी वाद होत. काठच नको, असे कोणी म्हटल्याचे आठवत नाही.

या बाबतीत मला सर्वांत पसंत पडलेली कल्पना २०२१ मध्ये आलेल्या फ्रेमवर्क या यंत्राची. त्याची चौकट लोहचुंबकाने चिकटते, निरनिराळ्या रंगांत मिळते, आणि घरी बसल्या बदलता येते. ती फार देखणी आहे असे नाही. परंतु चौकट ही वेगळी, मोलाची आणि झिजणारी वस्तू आहे, हे तिच्या रचनाकारांनी मान्य केले आहे. चिठ्ठी डकवून खराब झाली तर तेवढीच बदलावी.

आता हा विषय मला जेथून सुचला तेथे येतो. आपल्या मंडळाचे जुने हस्तलिखित अंक गेल्या वर्षी तरुण सभासदांनी मोठ्या कष्टाने स्कॅन केले. त्यांचे आभार मानावे तितके थोडे. परंतु लॅपटॉपवर पान काठोकाठ भरून दिसावे म्हणून त्यांनी प्रत्येक पानाचा समास कापला. समासात काही नसते, असे त्यांना वाटले असावे. फायलीवर टिपणी लिहिताना समास सोडण्याची शिस्त आमच्या पिढीला होती, कारण वरिष्ठांचा शेरा तेथे यायचा. निर्णय पुष्कळदा टिपणीत नसून त्या शेऱ्यात असे. आपल्या हस्तलिखितांच्या समासातही वाचकांचे शेरे आहेत. जरीच्या धंद्यावरील एका लेखाशेजारी पेन्सिलीने लिहिले आहे : ‘कसबाचा भाव लेखकाने चुकीचा दिला आहे. त्या वर्षी मी स्वतः कारखान्यात होतो.’ अक्षर माझ्या वडिलांचे आहे. स्कॅनमध्ये चुकीचा भाव आहे, दुरुस्ती नाही.

मूळ वह्या सुदैवाने मंडळाच्या कपाटात सुखरूप आहेत. कार्यकारिणीने त्या पुन्हा, पूर्ण पानासह स्कॅन करण्यास संमती दिली असून येत्या रविवारपासून मी आणि आणखी दोघे सभासद त्या कामास बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुने अंक असतील त्यांनी ते आणावेत. कडा फाटलेल्या असल्या तरी चालतील.