‘कोरा कॅनव्हास’ : चित्रकाराच्या आत्मलेखनाचे प्रयोजन

चित्रकाराने स्वतःच्या चित्रांविषयी लिहू नये, चित्रानेच बोलावे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक त्यास छेद देते. घड्याळ, पान, शंख अशा परिचित वस्तू त्यांच्या चित्रांत रिकाम्या अवकाशात सुट्या सुट्या येतात. वस्तू व अवकाश यांच्या या नात्याचा शोध बरवे यांनी पुस्तकात आणि रोजनिशांतही घेतला. अशा लेखनात सहजप्रेरणेने झालेली मांडणी विचाराच्या कसोटीस लागते. अर्थात, चित्रकाराचे म्हणणे म्हणजे चित्राचा अंतिम अर्थ नव्हे. समीक्षकाने तेही चित्रासमोर ठेवून पडताळावे. तथापि या लेखनाचा पहिला लाभ वाचकाला नव्हे, चित्रकारालाच होतो. कलाशिक्षणात लेखनाला दुय्यम मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.