शेवटच्या पंगतीचं गाणं

१३ जानेवारी २०२४. सकाळी प्रभाताई अत्रे गेल्याची बातमी आली आणि दुपारच्या आत पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन. मला वाटलं, वाईट वाटलं म्हणून केला असेल. तर म्हणतात, "वैनी, आता सवाईचा समारोप कोण करणार?"

मी म्हटलं, "भाऊजी, आधी त्यांना नेऊ तरी द्या."

ते हसले, पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या आठवड्यात भिशीला जमलो तर तिथंही तोच विषय. आमच्यात गाण्याला कान देणाऱ्या चारपाच जणी आहेत. एकीनं आनंद भाटे यांचं नाव घेतलं, का, तर भीमसेनजींचे शिष्य. दुसरीनं जयतीर्थ मेवुंडी यांचं, हुबळीचे, किराण्याचे, आवाजाला तोच जोर. तिसरी म्हणाली, बाईच्या जागी बाई हवी, कौशिकी चक्रवर्ती. चौथी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मी तर रशीद खानांचं नाव धरून बसले होते." रशीद खान ९ जानेवारीला गेले, प्रभाताईंच्या आधी चार दिवस. वय अवघं पंचावन्न. भीमसेनजींनाही ज्यांच्याकडं बघून पुढची काळजी वाटेनाशी झाली असं सांगतात, ते नावच जागा रिकामी व्हायच्या आधी यादीतून पुसलं गेलं. त्या दिवशी चहा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करते आहे. प्रश्न वाईट नाही. आपलं गाणं कोण पुढं नेणार याची काळजी त्यात आहे. पण आपण तो विचारतो कसा, ते मला पटत नाही.

ज्यांना सवाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली वारले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावानं उत्सव सुरू केला. गुरू धारवाडकडचे, शिष्य गदगचे, उत्सव पुण्यात. आपल्या सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या घरी भीमसेनजींचे मराठी अभंग आणि कानडी दासवाणी एकाच डब्यातल्या कॅसेटी होत्या. कुठलं आपलं नि कुठलं परकं, हा प्रश्न त्या डब्यात कधी उठला नाही.

या उत्सवाचा शेवट भीमसेनजींनी करायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. पूर्वी रात्रभर गाणं चालायचं आणि ते गायला बसेपर्यंत उजाडायला यायचं. मग ध्वनिक्षेपकाचे नियम आले, रात्रीची बैठक गेली, पण शेवटचा मान त्यांचाच राहिला. ते थकल्यावर तो प्रभाताईंकडं आला आणि नव्वदी गाठेपर्यंत त्यांनी तो सांभाळला. लक्षात घ्या, हे काही नेमणुकीचं पद नव्हे. कागदोपत्री काही नाही. रीत पडली आणि मान झाला.

आता हा मान म्हणजे नेमकं काय? मला तो लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखा वाटतो. पहिल्या पंगतीला कुणीही वाढेल. भात गरम असतो, वाढपी ताजे असतात, पाहुणे भुकेले असतात. शेवटच्या पंगतीला भांड्याचा तळ लागत आलेला, वाढणाऱ्यांचे पाय भरून आलेले, आणि आपल्याकडं सूर्य मावळायच्या आत पंगत उठवायची घाई. त्या पंगतीला जी बाई पहिल्यासारखंच, न गडबडता, विचारून विचारून वाढते, ती खरी सुगरण. सवाईत शेवटी गाणाऱ्याचं काम तेच. ऐकणारे पाच दिवसांचे थकलेले, कानात पंचवीस जणांचे सूर भरलेले. त्या भरल्या कानांना पुन्हा एका षड्जावर आणायचं. यात आवाजाचा जोर किती, याला फारसं महत्त्व नाही.

म्हणूनच प्रभाताईंचं उदाहरण आपण नीट बघायला हवं. त्या भीमसेनजींच्या शिष्या नव्हत्या. घराणं एकच, किराणा, पण फांदी वेगळी. सवाई गंधर्व हे मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. प्रभाताई शिकल्या त्या खाँसाहेबांच्या मुलाकडं आणि मुलीकडं, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडं. घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची तब्येत बरी नसायची, गाणं शिकून बरं वाटेल असं कुणी सुचवलं म्हणून शिकवणी लावली. आईनं थोड्या दिवसांत सोडली आणि आठ वर्षांची मुलगी शिकत राहिली. ही गोष्ट मी भिशीत सांगितली तर सगळ्या एकदम हसल्या. आपल्यातल्या किती जणींनी अशी शिकवणी सोडली आहे! पण ज्या घरात आई शिकवणीला बसते, तिथं काहीतरी दार उघडंच राहतं.

आणि त्यांचं गाणं? भीमसेनजींच्या गाण्यात पूर आहे. तान सुटली की आपण काठावर उभं राहायचं, एवढंच आपल्या हातात. प्रभाताई बोट धरून नेतात. त्यांची मारुबिहाग आणि कलावतीची जुनी ध्वनिमुद्रिका पुष्कळ जणींनी ऐकली असेल. कलावतीत स्वर पाचच, लपायला जागा नाही. त्या पाच स्वरांत त्या घाई करत नाहीत. सरगम घेतात ती चमकवण्यासाठी नव्हे. आपण कुठून निघालो नि कुठं चाललो, हे ऐकणाराला कळावं म्हणून घेतात. सरगमवर त्यांनी प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली होती, बंदिशी स्वतः बांधल्या, पुस्तकं लिहिली, शिकवलं. आमच्या भाऊजींना मात्र त्यांचं गाणं कधी पुरेसं "भरदार" वाटलं नाही. त्यांचं सगळंच चूक नाही. काही वेळा त्यांची सरगम लांबते आणि राग मागं राहतो, असं मलाही वाटलं आहे. पण भाऊजी शेवटपर्यंत प्रभाताईंमध्ये भीमसेनजी शोधत राहिले, आणि ते काही तिथं सापडणार नव्हते.

"पुढचा कोण" विचारताना आपण सगळे हेच करतो. गेलेल्याचा साचा हातात धरतो आणि कोण त्यात बसतो ते बघतो. आनंद भाटे, का? शिष्य म्हणून. मेवुंडी, का? जोर तसाच म्हणून. कौशिकी, का? बाई म्हणून. तिघंही मोठ्या तयारीचे. पण ही कारणं त्यांच्या गाण्यातली नव्हेत, आपल्या साच्यातली.

हा रोग फक्त आपल्याकडं नाही. जर्मनीत बर्लिनचा मोठा वाद्यवृंद आहे, बर्लिन फिलहार्मोनिक. शंभरावर वादक आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा एक संचालक. तो स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, सगळ्यांना मिळून एक श्वास घ्यायला लावतो. त्याला निवडतात ते वादकच, मत देऊन. २०१५ च्या मे महिन्यात नवा संचालक निवडायला ते एका चर्चमध्ये जमले. मोबाईल काढून ठेवले. बाहेर वर्तमानपत्रांची भाकितं जोरात. थीलमान येणार, नेल्सन्स येणार. अकरा तास बसले आणि निकाल न लागता उठले. पुढच्या महिन्यात पुन्हा जमले आणि निवडलं किरिल पेट्रेंको यांना. मुलाखती टाळणारा, ध्वनिमुद्रणं अगदी थोडी असलेला माणूस. त्यांच्याबरोबर त्या वादकांनी तोवर तीनदाच कार्यक्रम केले होते. बाहेरच्यांनी नाव आणि कीर्ती मोजली. आतल्यांना आठवत होतं, या माणसासमोर आपण कसं वाजवलं होतं. भाकित करणं नि निवडणं यांत हा फरक आहे.

आणि याच दिवसांत आपल्या समाजाच्या घराघरांत असाच दुसरा प्रश्न आला. १८ फेब्रुवारीला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर आचार्य विद्यासागर महाराजांची समाधी झाली. सदलगा निपाणीपासून काही लांब नाही. १९४६ च्या शरद पौर्णिमेला अष्टग्यांच्या घरात जन्मलेला विद्याधर, आपल्याच मातीतला. आता आचार्य कोण, हे विचारायची वेळ मात्र कुणावर आली नाही. महाराजांनी देह ठेवण्याआधीच पद सोडलं होतं आणि समयसागर महाराजांचं नाव सांगितलं होतं. एप्रिलमध्ये कुंडलपूरला पदारोहण झालं.

मुनींची नि गवयांची तुलना मला करायची नाही, तो माझा अधिकार नाही. पण रीत कशी असते ते त्यातून शिकता येतं. १९७२ साली नसिराबादला ज्ञानसागर महाराजांनी आपल्या सव्वीस वर्षांच्या शिष्याला, विद्यासागरांना, आचार्यपद दिलं. स्वतः आसनावरून उतरले, शिष्याला वर बसवलं, आणि आता मला समाधीची वाट दाखवा म्हणून त्यालाच विनवलं. त्याआधी १९५५ मध्ये आपल्या भोजच्या शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली तेव्हा आचार्यपद दिलं ते वीरसागर महाराजांना. आणि ते तेव्हा जवळ नव्हते, तिकडं जयपूरला होते. समोर बसला आहे म्हणून नव्हे, आपल्यासारखा दिसतो म्हणूनही नव्हे. देणाऱ्यानं आधी स्वतःला बाजूला केलं, म्हणून घेणारा त्याला नीट दिसला.

सवाईत असा देणारा आता कोणी नाही. भीमसेनजी नाहीत, प्रभाताई नाहीत. कार्यक्रम ठरवणारे ठरवतील. पण मान देतात ऐकणारे, म्हणजे आपण. तेव्हा आसनावरून उतरायचं काम आपलंच आहे. आपल्या मनात जो साचा बसला आहे, त्याला खाली उतरवायचं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी बेळगावात एका तरुण गायिकेची बैठक होती. यमन लावला होता. मी पहिल्या आलापापासून "हिराबाईंनी हे कसं घेतलं असतं, प्रभाताईंनी कसं घेतलं असतं" यात अडकले. कार्यक्रम संपला. घरी आल्यावर सूनबाईनं विचारलं, "कसं झालं आई गाणं?" आणि मला त्या मुलीची एक जागा आठवेना. यमन, जो माझ्या तोंडपाठ! दोन तास मी समोर बसून ऐकलं ते गेलेल्यांचं गाणं. ती मुलगी मन लावून गात होती आणि मी तिला ऐकलंच नाही. याची रुखरुख अजून जात नाही.

तरी भाऊजींना उत्तर द्यायला हवं, टाळणं बरं नव्हे. मला विचाराल तर यंदाच्या डिसेंबरला पंडित वेंकटेशकुमार यांनी शेवटी बसावं. धारवाडचे, गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंकडं शिकलेले. किराण्याच्याच चौकटीत बसवता येतील असे नव्हेत, सवाई गंधर्वांच्या शिष्यांतलेही नव्हेत. पण आपला मुद्दा शेवटच्या पंगतीचा आहे. त्यांचा आवाज लागला की दमलेलं मन खाली बसतं. राग मांडून झाल्यावर वचन गातात तेव्हा आधीचं पांडित्य विसरायला लावतात. ते घाईनं वाढत नाहीत.

आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बसू दे. भाटे बसू देत, मेवुंडी बसू देत, कौशिकी बसू दे. आज जिचं नाव तुम्हा आम्हाला ठाऊक नाही अशी एखादी मुलगीही कधीतरी बसू दे. एकाच माणसाला आयुष्यभराचा मान, ही भीमसेनजींची आणि प्रभाताईंची पुण्याई होती. ती वाटून खाल्ली तर काही उणं होणार नाही.

हे सगळं मी भाऊजींना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण वैनी, भीमसेनजींसारखं कुणी नाही हे तर खरं ना?"

"खरं आहे," मी म्हटलं. "म्हणून तर दुसऱ्याचं ऐकायचं."