फिरत्या चित्रांचा मुक्काम

चित्रप्रदर्शनांविषयी लिहिणाऱ्याने आपण कोठून पाहत आहोत हे आधीच सांगून टाकावे. आम्ही तांबरमहून पाहतो. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करावी, तांबरम ते बीच या १९३१ पासून विजेवर चालणाऱ्या मार्गावर गाडीत उभ्याने प्रवास करावा आणि उरल्या वेळात मराठी मासिके चाळावीत, असा आमचा क्रम. कलासमीक्षेचे शिक्षण आमच्यापाशी नाही. परक्या मुलखातले चेहरे रोज न्याहाळण्याचा सराव मात्र आहे. आणि दक्षिणपूर्व आशियातील तरुण छायाचित्रकारांची जी चित्रे हल्ली देशोदेशी फिरतात, त्यांविषयी दोन शब्द बोलण्यास तेवढे भांडवल पुरावे. ही चित्रे आम्ही प्रतिकृतींतून पाहिली आहेत, भिंतीवर नव्हे, हेही नमूद केलेले बरे.

मद्रास शहराला हा विषय नवा नाही. १८५५ साली ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या इंग्रजी शिष्टमंडळाबरोबर लिनीयस ट्राइप नावाचा लष्करी अधिकारी कॅमेरा घेऊन गेला होता. तोच पुढे मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला व १८५८ मध्ये आपल्या भोसल्यांच्या तंजावरास येऊन बृहदीश्वराचे मंदिर टिपून गेला. त्याच्या चित्रांत दगड अप्रतिम आहे; माणूस मात्र शोधावा लागतो.

माणूस आला तो शंभर वर्षांनी, आणि तो इतक्या संख्येने आला की ओळखू येईना. एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये मांडलेले ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन, अडुसष्ट देशांतील ५०३ चित्रांचे. १९५६-५७ मध्ये ते भारतात फिरले व त्याचा मद्रासलाही मुक्काम झाला. त्याचे पुस्तक आजही मिळते. जन्म, प्रीती, श्रम, खेळ, मृत्यू अशी त्याची मांडणी. खेळणाऱ्या मुलांत जावा बेटावरचा एक पोरगा गोट्या खेळताना दिसतो. गॉटहार्ड शू या स्विस छायाचित्रकाराचे हे चित्र १९३८ च्या सुमाराचे, म्हणजे डच अमलातले. पोराच्या अंगाचा तोल पाहून मन प्रसन्न होते. पण चित्राखाली साल नाही, कोणाचे राज्य होते ते नाही. पोरगा जगातल्या सगळ्या पोरांत मिसळून जातो आणि जावा मागे राहते. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ सालच्या पुस्तकात याच गोष्टीवर बोट ठेवले होते. माणूस जन्मतो व मरतो हे सर्वत्र खरे. पण कोणत्या परिस्थितीत, हे गाळले की इतिहास गळतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

बार्थचे म्हणणे आम्हांस पटते, परंतु सर्वस्वी नाही. तांबरमला नव्याने आलो तेव्हा तमिळचे एक अक्षर वाचता येत नव्हते. त्या दिवसांत डब्यातल्या दमलेल्या चेहऱ्यांचे घरच्या चेहऱ्यांशी असलेले साम्य हाच आमचा आधार होता. तो खोटा होता असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण स्थानकाबाहेर एक बाई मोगऱ्याचे गजरे विकीत असे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात लांबवून ती माळ ताणून धरी. आम्हांला ती मोठी डौलदार मुद्रा वाटे. पुष्कळ दिवसांनी कळले की ते माप आहे, त्याला येथे मुळम म्हणतात, आणि त्या मापावर तिचा दिवसाचा हिशेब चालतो. गंमत अशी की आपल्याकडेही ‘हात’ हे मापच आहे. साम्य खरे होते, फक्त आम्ही ते भलत्या जागी शोधीत होतो.

कंबोडियाच्या वांडी रत्तना यांची ‘बॉम्ब पाँड्स’ ही २००९ सालची चित्रमाला पाहताना ती बाई आठवली. हिरवे शेत, मधोमध पाण्याचे संथ वर्तुळ, माणूस नाही. अमेरिकन विमानांनी टाकलेल्या बॉम्बांचे हे खड्डे; त्यांत पावसाचे पाणी साठून तळी झाली. नाव वाचण्यापूर्वी आपण त्याला निसर्गचित्र म्हणतो, वाचल्यानंतर तसे म्हणण्याची लाज वाटते. चित्राला शब्दांचा टेकू लागला की चित्र दुबळे, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यांनी ही चित्रे पाहावीत. येथे नाव हा चित्राचाच अर्धा भाग आहे, आणि पाण्याने जे झाकले ते उघडे करण्याचे काम छायाचित्रकाराने दोन शब्दांवर जाणूनबुजून सोपविले आहे.

बट्टंबाँगच्या किम हाक यांची ‘अलाइव्ह’ ही माला वेगळ्या वाटेने जाते. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या काळात लोकांनी जिवापाड जपलेल्या घरगुती वस्तू, पुरून ठेवलेले फोटो, एकेक करून काळ्या पार्श्वभूमीवर मांडलेले. कल्पना हृदयस्पर्शी, आणि देशांतर केलेल्या कुटुंबांपर्यंत ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडातही पोहोचली. तथापि ती काळी पार्श्वभूमी आम्हांस खटकते. जे स्वयंपाकघरात होते, मातीत होते, ते जवाहिऱ्याच्या पेटीत येऊन बसते. रत्तना यांच्या चिखलापुढे ही सफाई फिकी पडते.

आणखी एक शंका. ‘दक्षिणपूर्व आशिया’ हे नाव रुळले ते १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी माउंटबॅटन यांच्याकडे सोपविलेल्या लष्करी विभागामुळे. त्या एका छत्रीखाली हनोई आणि मनिला यांना उभे करणे आयोजकांच्या सोयीचे असेल, पाहणाऱ्याच्या नाही. ‘उदयोन्मुख’ हा शब्दही तसाच. किम हाक यांचा जन्म १९८१ चा. चाळिशी ओलांडलेला माणूस नेमका कोणाच्या क्षितिजावर उगवत असतो?

चेन्नईत २०१६ पासून छायाचित्रांचे बिएनाले भरते व त्यात रेल्वे स्थानकांवरही चित्रे लावलेली आहेत. ही पद्धत आम्हांला सर्वांत मानवली. दालने संध्याकाळी बंद होतात तेव्हा तांबरमचा कारकून अजून गिंडीलाच लोंबकळत असतो. स्थानकावर मात्र गाडी चुकलेला माणूस निदान दहा मिनिटे चित्रापुढे उभा राहतो. बॉम्बची तळी कधी इकडे आलीच तर ती तेथे लागावीत, आणि खालची ओळ आधी तमिळमध्ये असावी. तमिळ अक्षरे आता आम्ही जुळवून वाचतो. गाडी येईपर्यंत तेवढे नक्की होते.