एका प्रीतीचे दोन शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ‘लव्ह’ आणि ‘चॅरिटी’ हे शब्द लवकर भेटतात. पहिला म्हणजे प्रेम, दुसरा म्हणजे दानधर्म, एवढे कळले की त्यांचे समाधान होते. परंतु संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील 13व्या अध्यायात या दोन शब्दांनी एकमेकांची जागा घेतली आहे. तेव्हा त्यांची तुलना आम्हांस अगत्याची वाटते.

‘लव्ह’चा पसारा फार मोठा आहे. आईची माया, तरुणांची ओढ, देशभक्ती, आंब्याची आवड, साऱ्यांना हा एकच शब्द पुरतो. टेनिसच्या मैदानावर तर त्याचा अर्थ शून्य! ‘चॅरिटी’ मात्र आकसत गेली. लॅटिन ‘कारितास’पासून आलेला हा शब्द देवाची आणि देवासाठी शेजाऱ्याची प्रीती सांगत असे. पुढे तो मुख्यतः दानापुरता उरला. आपल्याकडेही चॅरिटी कमिशनर, म्हणजे धर्मादाय आयुक्त, न्यासांचे हिशेब पाहतात. प्रीतीचा हिशेब त्यांच्या कक्षेत येत नाही.

1526 साली विल्यम टिंडेल यांनी ग्रीक ‘अगापे’साठी ‘लव्ह’ शब्द योजला. 1529 साली संत थॉमस मोर यांनी त्यास हरकत घेतली: प्रत्येक ‘लव्ह’ पवित्र नसते. टिंडेल यांचे उत्तर असे, की लोकांच्या बोलण्यात ‘चॅरिटी’ म्हणजे भिक्षा किंवा दया. पुढे दोघांनाही देहदंड झाला, मोर यांना 1535 साली व टिंडेल यांना 1536 साली. 1582 च्या कॅथलिक ऱ्हीम्स नव्या कराराने आणि 1611 च्या किंग जेम्स प्रतीने या अध्यायात ‘चॅरिटी’ ठेवली. 1881 च्या सुधारित प्रतीने ‘लव्ह’ आणले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या दोन परिपत्रकांतही तेच दिसते. 2005 च्या परिपत्रकाच्या इंग्रजी शीर्षकात ‘कारितास’चे ‘लव्ह’ झाले, तर 2009 च्या शीर्षकात ‘चॅरिटी’.

आमच्या मते मोर व टिंडेल दोघेही अर्धे बरोबर होते. ‘लव्ह’मध्ये ऊब आहे, पण शिस्त नाही; ‘चॅरिटी’मध्ये कृती आहे, पण जवळीक उरली नाही. एक शब्द भावनेवर थांबतो, दुसरा पावतीवर.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. लग्नाच्या मिस्सात हा अध्याय वाचला जातो, तेव्हा तो वधूवरांच्या प्रेमापुरताच आहे असे आपल्याला वाटते. पौलाने तो कृपादानांवरून चढाओढ करणाऱ्या, फुटीने पोखरलेल्या मंडळीला लिहिला होता. तेथील प्रीती ही भांडणाऱ्यांना घातलेली अट आहे.

मराठी बायबलने येथे ‘प्रीती’ हा शब्द जपला आहे. तो आज थोडा जुना वाटतो. पण त्यामुळेच तो ना सिनेमाच्या गाण्यात विरला, ना देणगीच्या पावतीत अडकला. आमची मुले इंग्रजीत प्रार्थना करू लागली आहेत, त्याचे आम्हांस दुःख नाही. मात्र ‘लव्ह’ म्हणताना शेजाऱ्याची भाकर आणि ‘चॅरिटी’ म्हणताना शेजाऱ्याचा चेहरा त्यांना आठवावा, म्हणून घरात ‘प्रीती’ हा शब्द बोलता राहिला पाहिजे.