सावलीचा काटा

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माँतोने नावाचे एक लहानसे गाव आहे. नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक तिथे २०२३ च्या जुलैत उभे राहिले, आणि ते घडवणाऱ्यांना ना पुतळा सुचला, ना स्तंभ. त्यांनी चक्क सूर्यघड्याळ उभारले. आपण क्षणभर या निवडीपाशीच थांबू.

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान कोकणातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या याच खोऱ्यात अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधले सगळे ठार वा जखमी झाले आणि हा सेक्शन कमांडर एकटा उरला. पुढचे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात आहे. कचेरीच्या कोरड्या भाषेत लिहिलेला तो मजकूर आपण सावकाश वाचावा, म्हणजे त्यातली क्रियापदे किती घाईने एकमेकांना ढकलतात ते कळते: तो धावला, ग्रेनेड फेकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपले; आणि मग ती विलक्षण नोंद, की मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवले. नुकतीच गोळ्या ओकलेली ती नळी हाताला किती पोळत असेल, याविषयी मानपत्र अवाक्षर काढत नाही. (अशा लेखनाचे मौन मला नेहमीच त्यातल्या शब्दांहून बोलके वाटते.) शेवटी दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्याने प्राण सोडला.

वेळ नव्हता! ज्याच्यापाशी मॅगझिन बदलण्याइतकाही वेळ उरला नव्हता, त्याच्या आठवणीसाठी वेळ दाखवणारे यंत्र योजावे, हा योग मुद्दाम जुळवला असो वा आपसूक जुळला असो, त्याची गोडी उणावत नाही. या जवानाला ज्ञात समाधी नाही. नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर, थडगे न सापडलेल्या सैनिकांच्या नावांत. देह जिथे हाती लागला नाही, तिथे सावलीने खूण सांगावी, याहून नेमके काय असू शकते?

माँतोनेच्या स्मारकावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो. पण तोच सूर्य सगळीकडे एकसारखा कुठे दिसतो? जुलैची दहा तारीख म्हणजे कोकणात लावणीचे दिवस. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरली आणि आभाळ असे भरलेले, की सूर्यघड्याळाचा शंकू दिवसभर बिनसावलीचाच राहावा. शिवाय माणगावचा सूर्य माँतोनेच्या चार तास पुढे चालतो. तिथे मध्यान्ह झाली, की इथे उन्हे कलू लागलेली असतात.

माणगावात तहसील कचेरीच्या आवारात या जवानाचा पुतळा आहे, तो आपल्या ओळखीच्या रीतीचा. माँतोनेत मात्र सूर्य पश्चिमेला उतरू लागतो तशी शंकूची सावली पूर्वेकडे, म्हणजे आपल्या दिशेला, लांबत जाते. जुलैत मावळतीला ती पुसट होते, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने पळसगावात रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात.