नार्विक बंदर आणि प्रादेशिक मालवाहतूक : एक परीक्षण

उत्तर नॉर्वेतील नार्विक हे खोल पाण्याचे बंदर. म्हणून ते त्या प्रदेशाच्या मालवाहतुकीचे केंद्र, असे अनुमान सहज केले जाते. त्यातील ‘म्हणून’ हा शब्द मात्र विवाद्य आहे.

स्वीडनमधील किरूनाच्या लोहखनिजासाठी हे बंदर उभे राहिले. बॉथनियाच्या आखातातील ल्यूलेओ बंदर हिवाळ्यात गोठते. उष्ण सागरी प्रवाहामुळे नार्विक गोठत नाही. लोहमार्ग १९०२ साली पुरा झाला. स्वीडिश भाषेत तो ‘माल्मबानान’, म्हणजे खनिजाचा मार्ग. सरहद्दीपलीकडील त्याच्याच सुमारे ४२ किलोमीटरांच्या तुकड्यास नॉर्वेजियन लोक ‘ओफोतबानेन’, म्हणजे ओफोत प्रदेशाचा मार्ग म्हणतात. एकाने मालावरून नाव ठेवले, दुसऱ्याने मुलखावरून. आणि नार्विकविषयीच्या बहुतेक लेखनाचा गोंधळ या दोन नावांतच साठलेला आहे. (गावाचे ‘व्हिक्टोरियाहाव्न’ हे जुने नावही येथे आठवते. त्यातील ‘हाव्न’ म्हणजे बंदर. ते नाव लोपले आणि खाडीवाचक ‘विक’ राहिले. यास अर्थात योगायोगापलीकडे महत्त्व देऊ नये.)

खोल पाण्याचा लाभ होतो तो मुख्यतः खनिजवाहू जहाजांना, आणि ते खनिज प्रदेशात थांबत नाही. प्रदेशाचे पोट भरते ते निराळ्याच वाटेने. नॉर्वेचा स्वतःचा सलग लोहमार्ग बोडोपाशी संपतो. त्यामुळे ओस्लोचा किराणा व इतर माल १९९३ पासून स्वीडनमार्गे आगगाडीने नार्विकला येतो आणि तेथून ट्रकने पुढे उत्तरेकडे जातो. परतीच्या डब्यांत मासळी असते. या मालाला समुद्राचा स्पर्शही होत नाही. प्रादेशिक वाहतुकीत नार्विकचे महत्त्व आहे ते लोहमार्गाचे अखेरचे स्थानक म्हणून. बंदराच्या खोलीशी त्याचा संबंध अप्रत्यक्षच. खनिज नसते तर हा मार्ग झालाच नसता, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी स्वीडनच्या हद्दीत खनिजाची गाडी रुळांवरून घसरली आणि मार्ग दोन महिन्यांहून अधिक काळ बंद पडला. बंदराचे पाणी तितकेच खोल होते. परंतु खनिजाबरोबर किराणा आणि मासळीही अडली, आणि त्यांना लांबच्या सडकेची वाट धरावी लागली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मार्ग खुला झाला व चारच दिवसांनी पुन्हा गाडी घसरली. धक्क्यांच्या विस्ताराची चर्चा करणाऱ्यांनी या एकेरी रुळाचा हिशेब आधी मांडावयास हवा होता.